मावशीच्या आधी कामावर येणारी

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. माझ्या मावशीसोबत घडलेली. जिथे जिथे ती कामाला जाते, तिथे सगळेच तिला मावशी म्हणतात. पण ती माझ्या आईची सख्खी धाकटी बहीण, म्हणून पहिला हक्क माझा.

वेळ रात्रीची नव्हती, हेही आधीच सांगून टाकतो. गुरुवारची सकाळ, पावणेआठ. भुतं म्हणे बाराच्या ठोक्याला निघतात. निघत असतील, ज्यांना सकाळी कामावर जायचं नसतं ती.

जागा, सोळावा मजला. त्या घरात माणसं दोन आणि बाथरूम पाच. कुत्र्याला वेगळी खोली. मावशीच्या घरी माणसं पाच आणि बाथरूम गल्लीच्या टोकाला.

चार महिन्यांपूर्वी तिला हे काम लागलं होतं. काकांची कंबर गेलेली, पोरगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हे काम सुटलं तर पोरीचं कॉलेज सुटणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

त्या गुरुवारी तिने किल्लीने दार उघडलं. साहेब-मॅडम झोपलेले. आदल्या रात्री वीस पाहुणे जेवून गेले होते. बाह्या सरसावून ती स्वयंपाकघरात शिरली.

आणि थबकली...

सिंक रिकामं.

भांडी घासून, पुसून, जागच्या जागी. फरशी ओली. पोछा पिळून बाल्कनीत वाळत घातलेला.

मावशीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. भुताची नाही हं. मॅडमनी दुसरी बाई बघितली! आपल्याला कळू न देता तिचं काम पारखून बघतायत. गरिबाला आधी काम जाण्याची भीती वाटते, भुताचा नंबर त्याच्या नंतर लागतो.

दुपारी तिने खाली वॉचमनला गाठलं.

"माझ्याआधी वर कोण जातं हो?"

"कोण जाणार? ही वही बघा. तुमच्याआधी एकही बाई नाही."

त्या वहीत नावं फक्त कामवाल्यांची. साहेब लोक चोरी करत नाहीत, निदान बिल्डिंगमध्ये तरी करत नाहीत, असं सोसायटीचं मत होतं.

शुक्रवारी मावशी साडेसहालाच पोचली. आज त्या बाईला रंगेहाथ पकडायचंच. तिने दाराला कान लावला.

आत... नळ चालू होता.

भांड्यावर घासणी फिरत होती. खस... खस... खस...

तिने किल्ली फिरवली.

आवाज बंद.

आत कोणी नाही. फरशीवर ओली, अनवाणी पावलं. सिंकपासून बाल्कनीपर्यंत गेलेली.

परत आलेली... नव्हतीच.

"मावशी, इकडे या!"

मावशी केवढ्याने दचकली! दारात मॅडम उभ्या, हातात फोन. संशय त्यांनाही होताच, फक्त मावशीवर. घरात चार कॅमेरे होते आणि चारही मावशीच्या वाटेवर.

"तुम्ही कालपासून कोणाला तरी आत घेता. मला आवाज येतात. थांबा, पुरावाच दाखवते."

दोघींनी मिळून पाहिलं. पहाटे पाच पन्नास. रिकामं स्वयंपाकघर.

मग एक ताटली आपोआप उचलली गेली... फेसाने माखली... धुतली गेली... आणि जागेवर जाऊन बसली.

पोछा बादलीतून वर आला. दोनदा पिळला गेला. मग बादलीच्या काठावर जोरात आपटला.

"अगं बाई," मॅडम पुटपुटल्या, "ही तर आमची जुनी बाई. पोछा अशीच आपटायची. किती वेळा ओरडले असेन मी."

"कुठे असतात त्या आता?" मावशीने विचारलं.

"गेली ना ती. पाच महिने झाले. त्या बाल्कनीतच, कपडे वाळत घालताना कोसळली. बावीस वर्षं आमच्याकडे होती, अगदी घरच्यासारखी." मॅडमनी उसासा सोडला. "आणि नेमकी त्या दिवशी पार्टी. सगळं काम अर्धवट टाकून गेली."

मावशीच्या अंगावर सर्रकन काटा आला. चार महिने ती त्याच दोरीवर कपडे घालत होती आणि कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

साहेब उठून आले. त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. आता हे किंचाळतील, घर सोडून पळतील, असं मावशीला वाटलं.

"सुट्टी मागेल का ही?" साहेबांनी विचारलं.

"आता कसली सुट्टी मागणार?"

"आणि जेवण?"

"ते कसं खाईल?"

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी मावशीकडे.

त्यांच्या डोळ्यांत भीती नव्हती... आनंद होता.

"मावशी, उद्यापासून तुम्ही नका येऊ."

"मॅडम, पोरीचं शिक्षण चालू आहे हो! आणि त्या बाईला तरी आता मोकळं करा."

"आम्ही कुठे बांधून ठेवलंय? तिला आवडतं इथे."

मावशी पिशवी घ्यायला स्वयंपाकघरात गेली. नळ पुन्हा सुरू झाला होता. तिला भीतीपेक्षा संताप जास्त आला होता.

"अहो बाई, मेलात ना तुम्ही? मग आता तरी बसा की घटकाभर! माझ्या पोटावर पाय का देता?"

नळ थांबला...

टेबलाजवळची खुर्ची किंचित मागे सरकली... कोणीतरी बसावं की नको, असा विचार करत असल्यासारखी.

तेवढ्यात बाहेर मॅडमच्या सपाता वाजल्या.

खुर्ची झटकन टेबलाला चिकटली. नळ धो धो सुटला. खस खस खस... आधीपेक्षा दुप्पट वेगाने.

भूत मॅडमला घाबरत होतं.

मावशीने पिशवी उचलली आणि लिफ्टची वाट न बघता सोळा मजले जिन्याने उतरली.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. पोरीचं एक वर्ष वाया गेलं, मग मावशीला दुसरीकडे दोन घरं मिळाली. सोळाव्या मजल्यावर मात्र नवी बाई लागलेली नाही, असं वॉचमन सांगतो. फरशी म्हणे आरशासारखी असते. मी ज्यांना ज्यांना हे सांगितलं ते म्हणाले, मनाचे खेळ. असतीलही.

पण मावशीने आम्हा सगळ्यांना एक गोष्ट बजावून ठेवली आहे. ती आठवली की मला अजून नीट झोप लागत नाही.

"कामावर असताना मला काही झालं, तर डॉक्टरला नंतर बोलवा. आधी मला उचलून त्या घराच्या बाहेर काढा."