एका ओळीची परवानगी

रमजानची संध्याकाळ. अम्मानच्या त्या कचेरीतले सगळे रोजा सोडायला घरी पळाले होते. मागे राहिली रुबा. ती ख्रिस्ती, म्हणून महिनाभर या वेळची राखण तिच्याच गळ्यात. काम तसं साधंच होतं. सगळी कचेरी ज्या सामायिक जागेत लिहायची, बोलायची, तिथे कोणी नुसतं पाहायचं, कोणी लिहायचं, कोणी पुसायचं, हे कोडमधून ठरवायचं. आणि आज त्या यादीतून सहकारी मुहन्नदचं नाव काढायचं. तिथेच हात अडला होता.

मुहन्नद तिला 'कुलूपवाली' म्हणायचा. न विचारता दुसऱ्यांच्या कोडमध्ये हात घालायची त्याला भारी खोड. पहिल्या रोज्याला रुबाने रागाच्या भरात त्याची लिहिण्याची परवानगी काढून घेतली. संध्याकाळी रस्त्यातून त्याचा फोन आला.

"कुलूपवाले, उघड की. एकच ओळ लिहायचीय."

"उद्या बघू," म्हणून तिने फोन ठेवला. अजान होता होता त्याची गाडी ट्रकखाली गेली, तो जागीच गेला. तो 'उद्या' तेव्हापासून तिला जाळत होता.

नाव काढण्याआधी तिने नोंदी उघडल्या. मुहन्नद: लिहिण्याचा प्रयत्न, नाकारला. पहिल्या रोज्यापासून रोज एक, रोज अजानच्याच मिनिटाला. एकोणीस ओळी.

बाहेर रस्ता ओस. कुठूनसा मसुराच्या सूपचा वास येत होता. मग अजान सुरू झाली… आणि विसावी ओळ उमटली. त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला, माणूस आत हजर असल्याची खूण.

तिला पळून जावंसं वाटलं. पण भीतीपेक्षा रडूच मोठं होतं. कोडमध्ये त्याच्या नावासमोरचा 'नाही' पुसून तिने 'हो' लिहिलं, कोड चालवला.

"लिही रे…" ती पुटपुटली.

ती पडद्याकडे पाहत राहिली. मग एक ओळ आली.

"रुबा, उद्या उजाडला का?"

हुंदके देत तिने लिहिलं, "उजाडला रे. माझं चुकलं."

दार वाजलं. साहेब, अबू सिनान, कतायेफचा डबा घेऊन आले होते.

"रडतेस का गं? घे, गोड खा. आणि मुहन्नदचं खातं शोधत बसू नकोस. दुपारीच मी ते मुळासकट काढलंय. तुझ्या हातून झालं नसतं, पोरी."

रुबाने पडद्याकडे पाहिलं. यादीत खरंच ते नाव नव्हतं. तिच्या ओळीखाली मात्र 'वाचलं' अशी खूण आली होती, आणि हिरवा ठिपका… तो अजून तसाच होता.