लिफ्ट टाळण्याचं कारण

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच अडकली, आणि वरच्या फटीतून एक चेहरा डोकावला.

"घाबरू नका, मॅडम. आणि हसू तर मुळीच नका, माझा हात थरथरतो."

ती खुदकन हसलीच.

तो रुग्णालयातला लिफ्ट मेकॅनिक. ती रेकॉर्ड विभागातली कोडर; डॉक्टरांच्या निदानाला ठरलेला कोड द्यायचा, हे तिचं काम. त्या दिवसापासून लिफ्ट ठणठणीत असली तरी तो तिच्या मजल्यावर घुटमळू लागला... आणि तीही उगाचच वरखाली करू लागली.

"झोप उडालीय हो. आहे का कोड?"

"त्याला आमच्याकडे कोड नाही," ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

मग एका दुपारी तिच्या पडद्यावर त्याची फाइल आली. थायरॉइडची गाठ. साध्या गाठींचे कोड 'डी'ने सुरू होतात, कॅन्सरचे 'सी'ने. तिनं अहवाल पुन्हा पुन्हा वाचला. 'सी'च. बोटांनी मुकाट्यानं कोड टाकला... आणि दुसऱ्या दिवशी पाय जिन्याकडे वळले.

गुपित कळलंय, त्याला तोंड कसं दाखवू, अशी तिनं मनाची समजूत घातली. खरं तर ती भ्याली होती. एकदा तो समोरून आला, हात उंचावून हसला, तर तिनं चक्क फोन कानाला लावला. पलीकडे कुणीच नव्हतं. त्याचा हात तसाच हवेत राहिला.

त्या संध्याकाळी तिला स्वतःचीच किळस आली.

त्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती वॉर्डात गेली. त्याची ताई उशाशी बसली होती.

"बोलायचं नाही म्हणून सांगितलंय त्याला," म्हणत ताई पाणी आणायला उठली.

"मी फाइल पाहिली होती," ती मान खाली घालून म्हणाली. "ते माझं कामच. पण तुम्हाला टाळलं, ते... भ्याले मी. तो फोनही खोटा होता. लाज वाटते हो फार."

मग त्यानं पाय आखडले, आणि पलंगावर मोकळ्या झालेल्या जागेवर हळूच थाप मारली.

ती बसली. रडू आवरेना.

"मी..." घोगरा आवाज आला.

"बोलू नका ना!"

"...मीही हा आजार तुमच्यापासून लपवणारच होतो."

तिनं त्याचा हात धरला, आणि ताई पाणी घेऊन आली तरी सोडला नाही.