लाल शाई

उत्तरायण या ज्येष्ठांच्या वसाहतीच्या तपासणी दालनात मृणालिनी टिपणीस दहा मिनिटं उभ्याच होत्या. डॉक्टर हट्टंगडींनी दोनदा खुर्ची पुढे सरकवली, पण भांडायला आलेल्या माणसाने बसू नये असं बाईंचं मत होतं. बसलं की आवाज आपोआप खाली येतो.

"माझ्या अंकात लिहिणारी माणसं अठरा," त्या म्हणाल्या. "त्यातली सतरा विसराळू निघाली? विसरण्याची साथ आली की काय वसाहतीत?"

"शब्दनाडीने तसं दाखवलंय," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या मागच्या भिंतीवर सतरा रेषा उतरत गेलेल्या दिसत होत्या.

"ते यंत्र आम्हाला कधी भेटलं? त्याने कुणाला कधी काही विचारलं?"

"विचारायची गरज नसते. ते लिहिलेलं वाचतं. हा आजार रक्तात दिसायच्या कितीतरी आधी भाषेत दिसतो, बाई. आधी नेमकी नामं गळतात. माणूस 'अडकित्ता' लिहायचा, तिथे 'ते कापायचं' असं लिहायला लागतो. मग सगळ्याचीच 'वस्तू' होते, 'गोष्ट' होते. एका वाक्यात पूर्वी पाच कल्पना मावायच्या, तिथे दोनच उरतात. याला आम्ही कल्पनाघनता म्हणतो. वर्षभर ती घसरत राहिली, तर आजार सुरू झालाय असं समजायचं. बोलणं पुढे बराच काळ शाबूत राहतं, म्हणून घरच्यांनाही कळत नाही. आजवर हे यंत्र चुकलेलं नाही."

"म्हणजे सोपं लिहिणं हा आजार?"

"नाही. सोपं लिहिणाराही 'अडकित्ता'च लिहितो. तो सोपाच शब्द आहे."

यावर बाई जास्तच चिडल्या. पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात त्यांनी चौतीस वर्षं मुद्रितं तपासली होती. भाषेबद्दल त्यांना कुणी शिकवावं, आणि तेही गळ्यात नळी अडकवलेल्या बाईने, हे त्यांना सोसण्यासारखं नव्हतं.

पण रागाने काही टळणार नव्हतं. घर घेताना केलेल्या करारातल्या नवव्या कलमाने वसाहतीला रहिवाशांचं छापील लिखाण तपासण्याचा हक्क होता, आणि आजाराची खूण सापडली की माणसाला छाया विभागात हलवण्याचाही. छाया विभाग चिंचेच्या झाडांपलीकडे होता. त्याचं फाटक फक्त बाहेरून उघडायचं. तिथे गेलेलं कुणी आपल्या घरी परत आलं नव्हतं. सतरा जणांना येत्या शुक्रवारी हलवायचं ठरलं होतं.

"आणि अठरावा कोण?" बाईंनी विचारलं.

"लोहोकरे साहेब. त्यांच्या अकरा लेखांत कणभर घसरण नाही."

बाईंच्या कपाळावरची शीर उडाली. सोडून सोडून नेमका तोच.

"तुमचं काहीच कळत नाही," डॉक्टर पुढे म्हणाल्या. "सहा वर्षांत तुमच्या नावावर एक ओळसुद्धा नाही. मोजणार काय?"

"संपादकाने स्वतःचं नाव छापायचं नसतं," बाई म्हणाल्या आणि दार आपटून बाहेर पडल्या.

'ओसरी' हा चारपानी पाक्षिक अंक त्यांनीच सुरू केला होता. कामाला माणसं फुकट, छपाई वसाहतीच्या यंत्रावर, आणि नियम एकच, मजकूर हाताने निळ्या शाईत लिहून द्यायचा. बाई त्यावर लाल शाईने दुरुस्त्या करायच्या आणि मग स्वतः टंकलिखित करायच्या. कोण पडलं, कुणाला नात झाली, पाण्याची टाकी कधी धुणार, हे सगळं त्यात यायचं. लोक वाट बघायचे.

आज त्याच अंकांचा ढीग कुणीतरी त्यांच्या दारासमोर आणून टाकला होता. वरच्या अंकावर चपलेचा ठसा होता. शेजारच्या नलिनी धुरी कठड्याला टेकून उभ्या होत्या. त्यांचं नाव यादीत तिसरं होतं. बाई इथे राहायला आल्या तेव्हा पहिले आठ दिवस धुरींच्याच घरचं जेवल्या होत्या.

"नले, हे कुणी टाकलं?"

"मी," धुरी म्हणाल्या. "तुझ्या मागे लागण्यामुळे लिहिलं मी. मला कुठे लेखिका व्हायचं होतं? आता शुक्रवारी त्या फाटकाआड जाते. बरं, माझं लिहिलेलं तरी धड छापायचंस. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं लिहिली होती, तू 'मसाला' केलंस. आईने ऐकलं असतं तर लाटणं फेकून मारलं असतं."

"जागा नसते गं. काटछाट करावी लागते."

हे बोलता बोलता बाई थबकल्या. मग त्यांनी अंकांचा ढीग तसाच ओलांडला, घरात गेल्या आणि पलंगाखालची गोणी ओढायला लागल्या. मूळ प्रत फेकायची नाही हा मुद्रितशोधकाचा पहिला धर्म. सहा वर्षांतलं प्रत्येक हस्तलिखित त्या गोणीत होतं.

बुधवारी सकाळी यादीवरच्या सभेला सभागृह गच्च भरलं. बाईंना कुणी नमस्कारसुद्धा केला नाही. रहिवाशांच्या समितीच्या टेबलामागे दिवाकर लोहोकरे बसले होते. हयातभर धरणांची मोजणी केलेला माणूस. बोलणंही टेप लावून मोजल्यासारखं. चौदा महिन्यांपूर्वी त्यांच्या एका लेखावरून दोघांची भर चौकात जुंपली होती. तेव्हापासून लोहोकरे प्रत्येक लेखासोबत एक चिठ्ठी जोडत, 'काना-मात्रा बदलायची नाही', आणि बाईंची सही घेतल्याशिवाय लेख देत नसत.

"अंक डॉक्टरांकडे तुम्हीच पोचवलेत ना?" बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं.

"अंक वाचनालयात पडलेले असतात. ते पोचवायला मी कशाला हवा?"

"तुम्हाला 'ओसरी' बंद पडायला हवी आहे."

"मला ती नीट निघायला हवी आहे. दोन्हींत फरक आहे."

बाईंनी त्यांच्याकडे पाठ केली. "डॉक्टर, तुमच्या यंत्राने या माणसांचं लिखाण वाचलेलंच नाही. चार पानांत बसवायला मी जी काटछाट केली, ती त्याने मोजली. मूळ प्रती या गोणीत आहेत. निळी शाई त्यांची, लाल माझी. फक्त निळं वाचायला सांगा."

डॉक्टर हट्टंगडी हट्टी होत्या, पण अप्रामाणिक नव्हत्या. त्यांनी पानं यंत्राला दिली आणि लाल शाई वगळायची आज्ञा केली. यंत्राला वीसेक मिनिटं लागली. मग पडद्यावर सतरा नव्या रेषा उमटल्या. सगळ्या सपाट. धुरींची तर किंचित वरच गेलेली.

"यादी रद्द," डॉक्टर म्हणाल्या. "माझं चुकलं. छापील मजकूर लेखकाचाच असणार असं मी धरून चालले."

सभागृहात टाळ्या झाल्या, कुणी डॉक्टरांना दोन शब्द सुनावले. आत्तापर्यंत तोंड फिरवणारे लोक बाईंचे हात हातात घ्यायला पुढे आले. बाईंनी लोहोकरेंकडे बघितलं. जिंकल्यावर शत्रूचं तोंड बघण्यात जे सुख असतं, ते त्यांना पुरेपूर हवं होतं.

लोहोकरे मात्र गोणीतून निघालेलं एक पान वाचत होते. चौदा महिन्यांपूर्वीचं.

"टिपणीसबाई, काटछाट जागेसाठी केलीत म्हणालात. मी इथे 'थिओडोलाइट' लिहिलंय, एक शब्द. तुम्ही तो खोडून लिहिलंत, 'ते तीन पायांवर ठेवून बघायचं यंत्र'. एकाचे सहा झाले. यात जागा कुठे वाचली?"

"वाचकांना सोपं जावं म्हणून."

"आणि धुरींच्या पानावरचं तिरफळ? ते इथे कुणाला अवघड होतं?"

सभागृहातल्या टाळ्या थांबल्या होत्या.

"डॉक्टर," लोहोकरे म्हणाले, "छापलेल्या मजकुरात आजार आहे. निळ्या शाईत नाही. माझ्या लेखांना लाल शाई लागत नाही, तिथेही नाही. यंत्र चुकलेलं नाही. त्याने फक्त माणूस चुकीचा धरला."

"पुरे करा, लोहोकरे," धुरी कडाडल्या. "गोणी तिने आणली म्हणून वाचलो आपण. घेऊन जा गं ती घरी, मृणाल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गोणी उचलून घरी जाणं सहज शक्य होतं, कुणी अडवलं नसतं. पण मुद्रितात चूक दिसली की ती तशीच ठेवून पुढचं पान उलटायचं, हे बाईंना चौतीस वर्षांत जमलं नव्हतं. त्यांना लोहोकरेंचा भयंकर राग आला होता, आणि रागाच्या तळाशी भीती होती. मुळात त्या चौकातल्या भांडणात त्यांना 'थिओडोलाइट' हा शब्द आठवत नव्हता. म्हणून तर त्या तेवढ्या ओरडल्या होत्या.

"लाल तेवढं वाचायला सांगा," त्या म्हणाल्या.

या वेळी पडद्यावर एकच रेषा आली. चार वर्षं आणि दहा महिने ती सपाट होती. तिथून पुढे चौदा महिने उतरत गेली होती, कुठेही न अडखळता. शेवटच्या वर्षात लाल शाईने सर्वांत जास्त वेळा लिहिलेला शब्द यंत्राने खाली वेगळा दाखवला होता. तो शब्द होता 'ते'.

शुक्रवारी छाया विभागाच्या फाटकाशी धुरी डबा घेऊन उभ्या होत्या आणि रडत होत्या. लोहोकरे समितीतर्फे आले होते. बाईंनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून त्यांच्यापुढे धरला.

"अंक आता तुम्हीच काढणार, माहीत आहे मला. हा माझा पहिला लेख. माझ्या नावाने छापा. आणि काना-मात्रा बदलायची नाही. लेखी द्या."

लोहोकरेंनी खिशातल्या चिठ्ठीवर तसं लिहून सही केली. बाईंनी सही नीट वाचली, चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि त्यांना निरोपाचा शब्दही न बोलता आत गेल्या. फाटक बाहेरून लावलं गेलं.

दुपारी वाचनालयात लोहोकरेंनी कागद उघडला. मजकूर निळ्या शाईत होता.

'सहा वर्षं मी ते काढत होते. लोक ते लिहून आणत. मी ते घेऊन ते लाल करत असे. मला वाटे, ते नीट होत आहे. ते नीट होत नाही, हे मला त्या धरणं मोजणाऱ्या माणसाने सगळ्यांसमोर दाखवलं. तो वाईट आहे. पण त्याचं बरोबर होतं.'

अंकाच्या टेबलावर बाईंचं लाल पेन अजून पडलेलं होतं. लोहोकरेंनी ते उचललं. प्रत्येक 'ते'च्या जागी कुठला शब्द हवा हे त्यांना ठाऊक होतं. अंक. मजकूर. हस्तलिखित. पुन्हा मजकूर. 'धरणं मोजणाऱ्या माणसा'च्या जागी काय हवं, तेही ठाऊक होतं. आपलं नाव बाईंनी रागाने गाळलं की त्यांना आठवलंच नाही, एवढं मात्र लोहोकरेंना कळेना, आणि विचारायची सोय राहिली नव्हती.

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि मजकूर होता तसा टंकलिखित करायला घेतला.