भाठ्यावरचा रिलीव्हर

या, जवळ बसा. टीना, शाल घे अंगावर, गच्चीवर दव पडून राहिलं. मोनू, मोबाइल ठेव बरं खिशात. उजेड तोंडावर पडते अन् बाकीचं काही दिसत नाही. भुताचे सिनेमे पाहून हसता ना तुम्ही दोघं? मंग हे ऐका. हे कोण्या आजीबाईनं सांगतलेलं नाही. ज्याच्यासंगं घडलं तो सुशील आजही बोरसीले राहते. उद्या जाऊन विचारा. सांगणार नाही तो, ते अलग. पण चहा पाजीन.

सुशील भिलाईच्या स्टील प्लांटात माह्याच मिलमध्ये होता, माह्याच जागेवर. मी नाइट शिफ्ट करून निघालो का सकाळी सहाले तो माहा चार्ज घ्याले येणार. आता तुम्हाले चार्ज समजत नसन, तर ऐका. प्लांटमध्ये भट्टी बंद होत नाही, मिल बंद होत नाही. तुमच्या जागेवर दुसरा माणूस येऊन उभा राहते, तो रिलीव्हर. त्यानं म्हणायचं, 'घेतला चार्ज, जा तुम्ही.' मंगच आपण हलायचं. रिलीव्हर नाही आला तर डबल ड्युटी. ताप असो, घरी पाहुणे असोत, जागा सोडायची नाही. छत्तीस वर्षं मी हेच केलं. हे आमच्या हाडात गेलेलं होतं, अन् तेच त्या पोराच्या अंगाशी आलं.

सुशीलले सायकलचं येड. लोक सुट्टीत तिरुपतीले जातात, हा सायकलवर निघे. एकटा. मागच्या कॅरिअरले दोन झोळे, समोर बत्ती, हँडलवर किलोमीटर मोजाचं इवलुसं घड्याळ. त्याची बायको ललिता मले म्हणे, "काका, तुमीच समजावा याले. घरी चार वर्षांची नीतू आहे अन् हा माणूस रानोमाळ फिरून राहिला." मी काय समजावणार? मलेच त्याचं कौतुक होतं.

दोन हजार एकोणीसचा डिसेंबर. बेमेतरा, मुंगेली, बिलासपूर, तिकडून रायगड अन् परत, असा सात दिवसांचा दौरा आखला त्यानं. मंगळवारी सतरा तारखेले संध्याकाळी घरी, बुधवारी सकाळी सहाले ड्युटीवर. निघाच्या आधी मी त्याले एक काम सांगतलं. तुमच्या विजया आत्याचं लग्न ठरलं होतं अन् माहा साळा भैय्याजी तवा बेमेतऱ्याले नोकरीत होता. म्हटलं, "येता येता एवढी पत्रिका दे बाप्पा त्याच्या घरी. कुरिअरनं पाठवली तर रुसन तो."

"देतो ना काका. रस्त्यातच तं आहे."

बस, एवढंच काम. ती पत्रिका मी त्याच्या हातात दिली नसती तर पोरगा दिवसाउजेडी घरी आला असता. हे मी आजवर कोणाले म्हटलं नाही. पण खरं आहे.

मंगळवारी दुपारी एकलेच तो भैय्याजीच्या घरी पोचला, पण भैय्याजी नोकरीवर, म्हणून पाच वाजेपर्यंत वाट पाहत बसला. भैय्याजीचा स्वभाव तुम्हाले माहीत आहे, पाहुणा हातचा सोडत नाही. चहा झाला, मंग "जेवूनच जा", मंग "आज मुक्काम कर". मुक्काम काही त्यानं केला नाही. म्हणे, "नाही भैय्याजी, सकाळी काका जागेवर वाट पाहतीन." साडेआठले निघाला. सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरचा मामला, रस्ता सपाट. रात्री एक वाजेपर्यंत घरी, चार तास झोप, मंग ड्युटी. हिशोब बरोबर होता.

गावं संपली अन् भाठा लागला. भाठा म्हणजे उघडं माळरान. ना झाड, ना झोपडी. वाळलं गवत अन् मुरूम, नजर जाईन तिथवर. दिवसा त्याले असा रस्ता फार आवडे. रात्री मात्र, तो म्हणे, बत्तीच्या पुढच्या दहा हाताशिवाय जगच नव्हतं. चांद निघाचा होता. थंडी अशी का बोटं ब्रेकवर दाबली जात नव्हती.

दहा वाजून वीस मिनिटांनी मागचं चाक बसलं.

उतरून पाहते तर डाव्या हाताले थोड्या अंतरावर उजेड. एक खोली, रेल्वे फाटकावर गेटवाल्याची असते तशी. तिकडे पूर्वी चुन्याच्या दगडाची एक खाण होती. नाव नाही सांगत. तिची मालगाडीची लाइन तो रस्ता कापून जाये. खाण बंद होऊन जमाना झाला, रूळही उखडून नेले. पण सुशीलले हे कुठं माहीत? त्याले वाटलं, चला, माणूस भेटला.

आत एक म्हातारा स्टुलावर बसला होता. अंगात काळा कोट, कानाले मफलर. बाजूले दोन झेंड्या गुंडाळून ठेवलेल्या अन् खाली कंदील. सुशीलनं हिंदीत विचारलं, "काका, इधर बैठ के पंक्चर बना लूँ क्या?"

म्हातारा मराठीत बोलला. आपली, नागपूरकडची मराठी.

"बनव ना बाप्पा. कुठचा हायेस?"

सुशीलले इतका आनंद झाला का विचारू नका. सात दिवस घरची बोली कानावर नव्हती. तो खाली बसला, ट्यूब काढली अन् गप्पा सुरू. म्हातारा गोंदियाकडचा निघाला. भिलाई म्हटल्यावर म्हणते, "मंग तुले शिफ्टची ड्युटी समजते."

"हाव. सकाळी फर्स्ट शिफ्ट आहे माही."

"माहा रिलीव्हर अजून आला नाही," म्हातारा म्हणे. "लय वेळ झाला. घरी पोरगी बिमार होती निघालो तवा. आता कशी असन..."

सुशीलनं हवा भरली, चाक चढवलं, हात पुसले. तो निघाले उभा राहिला तसा म्हाताराही उभा राहिला. त्याच्याकडे पाहून राहिला. मंग हळूच म्हणते, "तू तं नाही ना रिलीव्हर?"

आता कोणी शेतकरी असता, दुकानदार असता, तर हसून निघून गेला असता. हा प्लांटचा माणूस. म्हाताऱ्याची दया आली त्याले. वाटलं, इतक्या रात्री कोणती गाडी येते? पाच मिनिटं म्हाताऱ्याच्या मनाचं समाधान होईन. तोंडातून रोजचे शब्द निघून गेले.

"हाव काका. घेतला चार्ज. जा तुम्ही."

म्हाताऱ्यानं घासलेटचा वास मारणारा कंदील उचलून त्याच्या हातात दिला. "सगळं ओके," म्हणे. अन् निघाला. रस्त्यानं नाही गेला. सरळ भाठ्यात शिरला. गवत गुडघ्याएवढं होतं, वाळलेलं...

गवत वाजलं नाही.

सुशीलनं कंदील खाली ठेवला अन् सायकलवर बसला. मारले पायडल. घड्याळात एक किलोमीटर, दोन, तीन. रस्ता सरळ, एक वळण नाही. समोर डाव्या हाताले उजेड दिसला.

तीच खोली.

चकवा लागला म्हणून त्यानं बूट काढून उलटे घातले, मोठ्या लोकांकडून ऐकलेलं होतं. पुन्हा निघाला. चार किलोमीटर. डाव्या हाताले उजेड. सायकल फिरवून बेमेतऱ्याकडे तोंड केलं. पाच किलोमीटर. या बारी उजेड उजव्या हाताले पाहिजे होता.

डाव्याच हाताले होता.

असं दोन वाजेपर्यंत फिरत राहिला, पायात गोळे आले. हँडलवरचं घड्याळ सांगत होतं का खोलीपासून एकतीस किलोमीटर झाले. अन् पंक्चर काढताना सांडलेली चाकाच्या व्हॉल्व्हची टोपी त्याच्या पायाशीच पडून होती.

दोन वाजून दहा मिनिटांनी मले फोन आला. मी केबिनमध्ये, जागेवर. त्याच्या फोनले रात्रभर रेंज नव्हती, त्या वेळेले एकदाच लागला. आवाज असा का मी ओळखलाच नाही आधी. लहान पोरासारखा रडून राहिला होता.

"काका... मी चार्ज घेतला."

"कोणता चार्ज? कुठं आहेस तू?"

"गेटावर... काका, मले जाताच येत नाही. मी किती बी चाललो तरी..." मंग थांबला. मागून एक आवाज आला. दूर... इंजिनच्या शिटीचा.

"काका, रूळ नाहीत इथं," तो म्हणे. "गाडी येऊन राहिली."

फोन कटला.

आता मी काय करू, सांगा? चालू मिल सोडून निघता येत नव्हतं. भैय्याजीले फोन लावून उठवलं, तो बिचारा मोटरसायकल घेऊन निघाला अन् रस्ताभर शोधत राहिला. त्याले ना खोली दिसली, ना सुशील. मी इकडे भीतीनं गार. पत्रिका मी दिली होती ना! मले सारखी ललिता दिसे. त्या पोरीले काय तोंड दाखवू? तीन वाजता, चार वाजता, फोन नाहीच. शेवटी हात जोडले अन् मोठ्यानं बोललो, केबिनमध्ये कोणी नसताना. "देवा, त्याची ड्युटी मी करतो. पोरगा घरी जाऊ दे."

मोठ्यानं बोललो मी.

तिकडे काय झालं ते ऐका. शिटी वाजत राहिली, गाडी काही दिसली नाही. कंदील खाली ठेवला का आपोआप त्याच्या हातात येई. त्यानं फेकून पाहिला. पुन्हा हातात. चारच्या सुमाराले एक मोटरसायकल आली, दोन बाजूले दुधाच्या कॅना. दूधवाला पोरगा थांबला. "का होगे भैया? गाड़ी बिगड़ गे का?"

पोरगा उतरला. सुशील कंदील धरून सायकलले टेकून उभा. पोरगा म्हणे, "बहुत थके लगते हो. बैठो थोड़ा. बत्ती मैं पकड़ता हूँ."

हात पुढे केला त्यानं.

सुशील मले म्हणे, "काका, फक्त हाव म्हणायचं होतं. एक शब्द. मी घरी गेलो असतो." पण पोराच्या हँडलले एक थैली लटकत होती. तिच्यातून लहान पोरीची नवी सँडल बाहेर आली होती. लाल. त्याच्या नीतूच्या मापाची.

"नको," म्हणे. "जा तू. थांबू नको. मागं पाहू नको."

पोरगा घाबरून गेला. मोटरसायकलचा लाल दिवा लहान होत होत... गेला.

मंग सुशील स्टुलावर बसला. आशा सोडली त्यानं. म्हणे, नीतूचं नाव घेत बसलो.

सव्वापाच झाले असतीन. धुकं होतं. गवतातून कोणी येताना दिसलं. पिवळं हेल्मेट. डावा पाय थोडा फेकत चालणारा माणूस. तुमचा आजा कसा चालते, पाहिलं ना? तसा.

माणूस जवळ आला. चेहरा माहा. आवाज माहा.

"दे कंदील. घेतला चार्ज. जा घरी."

सुशील म्हणे, "काका, तुम्ही नका घेऊ..."

"डबल ड्युटी मले नवी आहे काय? जा."

कंदील हातातून सुटला. सुशीलनं सायकल मारली ती थेट गाव लागेपर्यंत. मागं खोली नव्हती. भाठा... अन् उजाडत आलेलं आभाळ.

साडेनऊले तो प्लांटच्या गेटवर आला. मी डबल करतच होतो. निरोप आला तसा संगंच्या माणसाले जागेवर उभा करून बाहेर गेलो. आमच्या चाळीस-पन्नास लोकांसमोर त्यानं माह्या पायावर डोकं ठेवलं. "तुम्ही आले म्हणून सुटलो काका."

मी म्हटलं, "मी कुठं आलो रे? मी रात्रभर केबिनमध्ये होतो." खरंच होतो. गेटची नोंद आहे, संगंचे लोक आहेत. फक्त... पाचनंतर एक डुलकी लागली होती. छत्तीस वर्षांत पहिली. पंधरा मिनिटांची असन.

रिटायर होऊन पाच वर्षं झाली मले. नोकरीचा चार्ज देऊन आलो, हार घातला लोकांनी, घड्याळ दिलं. त्या दुसऱ्या जागेचा चार्ज कोणी घेतला नाही. घ्यावा असं मले वाटतही नाही. म्हणून कोणी मले "तुम्ही जा, मी बसतो" म्हटलं का मी रागावतो. तुमच्या आजीवर, भागाबाईवर, एकदा हात उगारला होता मी. कारण मी तिले सांगू शकलो नाही.

किती वाजले? दहा वाजून बावीस ना. हाव. याच वेळेले सुरू होते रोज, सकाळपर्यंत राहते. साबणानं हात धुतले, राखेनं घासले, डॉक्टरले दाखवले. घरात घासलेट नाही, साऱ्या हुडको कॉलनीत कोणाच्या घरी नाही.

टीना, ये इकडे. भेऊ नको. हा हात घे माहा. नाकाशी ने...

काऊन गं?

काऊन मागं सरकली?