व्हिटलो हाऊसची दुसरी लेक

"रविवारच्या आत तुझी खोली रिकामी कर, इडेला!" चाकांच्या खुर्चीतून मिस ऑगस्टा भिंतीकडे पाहत म्हणाल्या. "घर आता जुन्या वास्तू जपणाऱ्या त्या वारसा मंडळाचं झालं. मला मरेपर्यंत वरची खोली आहे... तुझं करारात नाव नाही."

पीच सोलता सोलता इडेलाचा हात थबकला. ऑगस्टांची सेवा करण्यात गेलेली एकतीस वर्षं!

"मग तुम्हाला उचलणार कोण? न्हाऊ कोण घालणार?"

"मंडळ नर्स ठेवतंय. गोरी."

जॉर्जियातल्या त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणीच बोलत नव्हतं, की स्वयंपाकिणीच्या पोटी जन्मलेली ही काळीसावळी इडेला न्यायाधीश व्हिटलोंचंच रक्त होती. घोड्यावरून पडून ऑगस्टा कमरेखाली लुळी झाली, त्याच वसंतात इडेलाचं ल्यूशियसशी लग्न ठरलेलं, त्यानं दोघांची शिकागोची तिकिटंही काढलेली! मरणाच्या दारातल्या न्यायाधीशांनी तिचा हात धरला. "पोरी, ती तुझी बहीण आहे गं... तिला टाकून जाऊ नकोस!" जन्मात एकदाच त्यांनी ते नातं उच्चारलं, आणि तेही तिला बांधून ठेवण्यासाठी! ल्यूशियस एकटाच गेला.

इडेलानं खोली सोडली, आणि महिन्याभरानं मंडळानं घर संग्रहालय म्हणून लोकांसाठी उघडलं. मिस ऑगस्टांनी अन्न सोडलंय, पाठीला जखमा झाल्यात, असं धोबिणीकडून कळताच इडेलाचं काळीज तुटलं. चर्चला जातानाची टोपी घालून ती निघाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा समोरच्या पायऱ्या चढली.

दिवाणखान्यात मंडळाच्या मिसेस प्रूइट पाहुण्यांना घराचा इतिहास सांगत होत्या. शेजारी रेशमी झग्यात, बाहुलीसारख्या नटवलेल्या मिस ऑगस्टा... केवढ्या वाळल्या होत्या!

"या घराण्याची ही एकुलती एक लेक," मिसेस प्रूइट म्हणत होत्या, तोच त्यांची नजर दाराकडे गेली. "ए बाई, इथून कुठं शिरतेस? तुमच्या लोकांनी मागच्या दारानं यायचं!"

"एकुलती नाही!" मिस ऑगस्टा एकाएकी किंचाळल्या. "ती माझी बहीण आहे! माझ्या बापाची लेक! इडेला... मला माफ कर गं, मला इथून घेऊन चल!"

मिसेस प्रूइट गोड हसल्या. "वय झालंय हो त्यांचं, भ्रम होतात." मग इडेलाजवळ येऊन त्या हलकेच म्हणाल्या, "हे असंच चाललं, तर उद्याच वेड्यांच्या इस्पितळात पाठवीन त्यांना. डॉक्टर सही द्यायला तयारच आहेत. तूच गप्प कर."

ज्या एका शब्दासाठी तिनं अख्खं आयुष्य जाळलं, तो शब्द आज भर सभेत तिच्या ओंजळीत पडला होता... आणि तो तिनं स्वतःच्या हातानं फेकायचा होता! ती खुर्चीपाशी गुडघे टेकून बसली. ऑगस्टांचे सुरकुतलेले हात तिनं उराशी धरले.

"मिस ऑगस्टा, कुणाची बहीण? मी तर तुमच्या घरची मोलकरीण," ती मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तुम्हाला बहीण नव्हतीच कधी."

ऑगस्टांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पाहुण्यांना हायसं वाटलं, कुणीतरी कौतुकानं म्हणालंही, "किती इमानी असतात नाही ही जुनी माणसं!"

"जेवत जा," इडेला त्यांच्या कानाशी पुटपुटली, उठली, आणि मागच्या दारानं निघून गेली.