तहा मुद्दाम विसरला

तहा खरं तर पासपोर्टचे फोटो काढायला आला होता. पण मारुती मंदिराजवळच्या त्या स्टुडिओचा फोटोवाला जेवायला गेलेला. समोरच्या कॉम्प्युटर क्लासचं दार मात्र उघडं होतं, आणि आतून आवाज येत होता... "अरे मेल्या, परत तेच?"

त्याने डोकावलं. आत एक मुलगी एकटीच मशीनशी भांडत होती.

"मेला म्हणजे मी का?"

महरीन दचकली. रागावणार होती, पण हसूच फुटलं.

ती तिथे शिकवायची. सन दोन हजार एकचा उन्हाळा, क्लासला सुट्टी. मालकीण सगुणाबाईंनी एका वाचनालयाच्या पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर चढवायचं काम घेतलं होतं. त्यासाठीचा प्रोग्रॅम सीडीवर नुसता कच्च्या कोडच्या रूपात आलेला. तो आधी आपल्या मशीनवर बांधायचा, म्हणजे चालेल असा करून घ्यायचा, मग बसवायचा. बांधायलाच अख्खी दुपार जायची. आणि एवढं करून तो पुस्तकांची माहिती साठवायलाच नकार देत होता.

"बांधायच्या आधी पर्याय बघितलेत?" तहाने विचारलं.

"कसले पर्याय?"

त्याने खुर्ची ओढून एक ओळ टाइप केली. पडदाभर पर्याय सरकत गेले. "काय हवं, काय नको, ते आधी सांगावं लागतं. माहिती साठवणारा डेटाबेस तुम्ही मागितलाच नाहीत, तर तो देणार कुठून?"

"आणि मागितलं की मिळतंच?"

"मागून तर बघा..." तो म्हणाला आणि स्वतःच लाजला.

त्या दिवशी फोटो राहिलेच.

तहा रत्नागिरीतल्याच राजीवड्याचा. मुंबईतली त्याची कंपनी बुडाली होती, आता मामू मस्कतहून व्हिसा पाठवणार होता. तोवर रिकामाच. दुसऱ्या दिवशी तो करवंदं घेऊन आला. मशीन घरघरत राही आणि दोघं गॅलरीत उभी राहून करवंदं खात. मध्येच वीज जाई, सगळं पहिल्यापासून! महरीन कपाळाला हात लावी. तहाला मात्र मुळीच वाईट वाटत नसे.

डेटाबेस झाला, तर छपाई राहिली. छपाई झाली, तर मराठी अक्षरं उमटेनात. असं कसं होतंय? त्या दुपारी तिने नीट लक्ष ठेवलं. पर्याय वाचताना त्याचं बोट मराठीच्या ओळीवर क्षणभर थांबलं... आणि हळूच पुढे गेलं.

तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं. ती एवढंच म्हणाली, "उद्या परत बांधावं लागणार वाटतं."

"वाटतं खरं," तो पडद्याकडे बघत म्हणाला. कान लालबुंद झाले होते.

पण रत्नागिरी केवढीशी! महरीनच्या अम्मीच्या, सुरय्याबींच्या, कानावर गेलंच. सुरय्याबी चुलीपुढून न वळताच म्हणाल्या, "त्याच्या मनात असेल तर मागणी घालायला घरी माणूस पाठवायला सांग गो. नसेल तर येणं बंद कर."

हे मी कसं सांगू? महरीन रात्रभर तळमळली. मी का म्हणून आधी बोलू? बहाणाच नाही उरला तर तोच बोलेल... बोलावंच लागेल त्याला.

सकाळी ती लवकर क्लासला गेली. एकेक पर्याय वाचला, हवा तो प्रत्येक घातला आणि बांधणी सुरू केली. नेमकी त्या दिवशी वीज गेली नाही.

दुपारी तहा आला, तेव्हा पडद्यावर पुस्तकांची नावं स्वच्छ मराठीत दिसत होती.

"झालं?"

"झालं."

"काहीच राहिलं नाही?"

"काहीच नाही," ती म्हणाली आणि वाट बघत राहिली.

त्याने खुर्ची ओढली, पण बसला नाही. "मी मुद्दाम विसरायचो, महरीन."

"माहीत आहे."

"तरी आज तू एकटीनेच..."

आता बोलावं, आता — तेवढ्यात जिन्यात सगुणाबाईंची चाहूल लागली. महरीनच्या तोंडून निघालं ते भलतंच. "वाचनालयवाले घाई करत होते."

"बरं," तहा म्हणाला. "व्हिसा आलाय माझा." आणि तो गेला.

अभिमान गिळायला तिला दोन महिने लागले. एका शुक्रवारी आपला सगळ्यात चांगला ड्रेस घालून ती राजीवड्याला त्याच्या घरी गेली. त्याचा मस्कतचा पत्ता मागायचा, आणि कशासाठी हवाय तेही सांगायचं, असं ठरवून.

दारात चपलांचा ढीग होता. त्याची बहीण अलिझा बाहेर आली.

"तुम्ही क्लासातल्या महरीन ना?" तिचा चेहरा क्षणभर उतरला. "आम्ही तुमच्याकडेच माणूस पाठवणार होतो. भाई म्हणाला, नको, तिच्या मनात नाही. मग अब्बांनी... आजच त्याचं लग्न ठरलं हर्णैच्या मुलीशी."

आतून कुणीतरी मिठाईचं ताट पुढे केलं. नाही कसं म्हणणार? महरीनने तुकडा उचलला, तोंडात घातला.

"मुबारक असो," ती म्हणाली. तुकडा काही केल्या गिळता येईना, म्हणून ती जेटीपर्यंत तसाच तोंडात धरून चालत गेली.