किलोमीटरला तीन रुपये

सीएनजी भरताना गाडीतल्या सगळ्यांनी खाली उतरायचं, असा पंपावरचा नियम. तो नियम ज्याने कुणी काढला, त्याचे गंधालीने पुढे मनातल्या मनात कितीदा तरी आभार मानले. एरवी मरोळच्या त्या पंपावर, आपली नवी इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावून ती कंटाळून उभी असताना, शेजारच्या रांगेतला तो उंच, सावळा मुलगा खाली कशाला उतरला असता?

"किती वेळ लागतो हो याला?"

"पाऊण तास."

"बापरे! आणि खर्च?"

"तुमच्या गॅसपेक्षा कमी," गंधाली ठसक्यात म्हणाली.

"काहीतरीच! इथला युनिटचा दर बघा ना. तुम्हाला किलोमीटरला तीन रुपये पडतात. मला गॅसचेही तेवढेच, वर चार आणे. मग एवढी महागाची गाडी घेऊन मिळवलं काय?"

"मी रांगेत उभी नाहीये…"

तो हसला, आणि गंधालीचा पाऊण तास कसा गेला ते तिला कळलंच नाही.

त्याचं नाव नितेश. राहायला मालाडला, नोकरी इथेच मरोळच्या एका कारखान्यात. गंधालीचं ऑफिसही जवळच. मग दर गुरुवारी ऑफिस सुटलं की एकीची बॅटरी उतरलेली असायची आणि दुसऱ्याची टाकी रिकामी. भांडण तेच, गॅस स्वस्त की वीज. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

खरं तर घरी चार्जिंग केलं असतं, तर निम्म्याहून कमी खर्चात भागलं असतं. पण मुलुंडच्या तिच्या सोसायटीचे सेक्रेटरी नंदकुमारकाका पार्किंगमध्ये पॉइंट बसवू देत नव्हते. "मीटर जळला तर जबाबदार कोण?" हे त्यांचं पालुपद. "सोडू नकोस, पुन्हा अर्ज कर," असं तिला दर आठवड्याला चढवणारा नितेशच होता. अखेर काका नमले. आईने पेढे वाटले.

गंधालीने ही बातमी पंपावर सांगितली तेव्हा नितेश "झकास!" म्हणाला, आणि मग नुसताच चार्जरच्या वायरीकडे बघत राहिला.

"म्हणजे आता… इथे येणं नाही."

"कशाला येऊ? दुप्पट पैसे मोजायला?"

बोलून गेली आणि तिला स्वतःचाच राग आला. तो काहीतरी म्हणेल म्हणून ती थांबली. तेवढ्यात त्याचा नंबर आला आणि तो गाडीकडे वळला.

पुढचे दोन गुरुवार ती सरळ घरी गेली. किलोमीटरला दीड रुपयाहून कमी खर्च येत होता आणि जेवण गोड लागत नव्हतं. तिसऱ्या गुरुवारी मात्र तिने ठरवलं, जायचंच. पण पंपावर जायला निमित्त नको? आईला त्या नव्या पॉइंटचं एवढं कौतुक, की रोज रात्री न विसरता स्वतः गाडी चार्जिंगला लावायची. बॅटरी काठोकाठ! गंधालीने एसी फुल ठेवला, उगाच जुहूपर्यंत एक चक्कर मारली. समुद्र बघितला, सिग्नलला थांबली, पुन्हा वळली. मेली बॅटरी उतरायला तयार नाही.

शेवटी तशीच पंपावर गेली आणि वायर जोडली. रांगेत नितेशची गाडी होती. तिला बघताच तो उतरून धावतच आला. त्याची नजर चार्जरच्या स्क्रीनवर गेली.

"एक्क्याण्णव टक्के? गंधाली, यात भरायचं काय बाकी आहे?"

तिचे कान तापले.

"आणि घरचा पॉइंट? बिघडला?"

"नाही रे. चांगला चालतोय, स्वस्तही पडतो…" तिने मान वर केली. "पण तिथे तू नसतोस ना!"

रांग पुढे सरकली होती. त्याच्या मागची रिक्षा हॉर्नवर हॉर्न मारत होती. पंपावरचा माणूस ओरडला, "ओ साहेब, नंबर आला तुमचा!" नितेशने गाडीत बसून ती नळीपाशी न नेता रांगेबाहेर काढली, भिंतीला लावली आणि परत आला. मागच्यांना ते खरंच वाटेना.

"अरे, नंबर गेला तुझा!"

"जाऊ दे. दोन गुरुवार कसे काढले माझं मला ठाऊक." त्याने गाडीची किल्ली खिशात टाकली. "आवडतेस तू मला. केव्हापासूनच… पण एक अडचण आहे."

"काय?"

"मालाड ते मुलुंड, जाऊन-येऊन दीडशेच्या वर गॅस जातो."

"मग? परवडणार नाही?"

"रोज रोज नाही परवडणार, यार," नितेश गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "त्यापेक्षा एकदाच येतो. आईला घेऊन."

गंधाली आधी हसली. मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "रविवारी या."